काय जपलंत, ते सांगा

गोव्यात विधानसभेची निवडणूक आली की पेडण्यातल्या बायकांना दोन बोलावणी एकदम येतात. एक हळदीकुंकवाचं आणि दुसरं कोपरा सभेचं. २०१७ साली मतदान ४ फेब्रुवारीला होतं आणि रथसप्तमी बरोबर आदल्या दिवशी. म्हणजे संक्रांतीपासूनचा हळदीकुंकवाचा सगळा हंगाम प्रचारातच गेला. मी तेव्हा पेडण्यातल्याच मांद्रे मतदारसंघात भारतीय जनता पक्षाची बूथ कार्यकर्ती होते. ज्या घरांची यादी सकाळी पिशवीत घेऊन फिरायचे, त्याच घरांतून संध्याकाळी हळदीकुंकवाचा निरोप यायचा. आचारसंहिता लागलेली असल्यामुळे वाणाच्या बाबतीत फार जपावं लागे. निवडणूक आयोगाची भरारी पथकं फिरत असत आणि कुणी एखादी स्टीलची वाटी पक्षाच्या नावावर लावली तर खर्च उमेदवाराच्या हिशेबात चढे. त्या वेळी गोव्यात उमेदवाराला वीस लाखांची मर्यादा होती. म्हणून आम्ही बायकांनी ठरवूनच टाकलं होतं: हळदीकुंकवाला जायचं ते शेजारीण म्हणून. गळ्यातलं पक्षाचं उपरणं घरी ठेवायचं, तीळगूळ घ्यायचा, द्यायचा आणि मताचा विषय काढायचा नाही.

पण विषय न काढताच निघायचा. आणि तिथे जे कानावर पडायचं, ते कुठल्याही सभेत पडत नसे.

माझं माहेर डिचोली तालुक्यातलं मये, सासर पेडण्यातलं. दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. पोर्तुगिजांच्या ताब्यात ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आले, तोवर धर्मांतराचा मोठा जोर ओसरला होता. म्हणून इथली देवळं जागच्या जागी राहिली, गावऱ्हाटी म्हणजे गावाच्या देवकार्याची रीत राहिली, घराघरांत मराठी पोथ्या राहिल्या. बोलायला कोकणी, वाचायला मराठी, असा आमचा घरचा व्यवहार. सावंतवाडीशी सोयरीक आहे, बांद्याच्या बाजाराशी देणंघेणं आहे, दशावतार अलीकडचा आणि पलीकडचा एकच आहे. अशा मुलखात देव, भाषा, जमीन आणि घर यांची राखण करू म्हणणारा पक्ष रुजला तर त्यात नवल नाही. मी त्या पक्षात आले तीही याच ओढीने, आणि ती ओढ आजही तशीच आहे.

मात्र ही जागा भाजपने रिकामी मिळवलेली नाही. आमच्या आधी इथे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगोचा) सिंह होता. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली निवडणूक झाली आणि दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांनी गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. यादीत ज्या बाईचं वय साठच्या पुढे दिसे, तिच्या घरी जाताना मला ठाऊक असे की, ही बाई भाऊसाहेबांच्या शाळेत चार अक्षरं शिकलेली असणार किंवा तिची धाकटी भावंडं तरी शिकलेली असणार. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात याच दोन तालुक्यांनी महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने, म्हणजे फुलावर, भरभरून मतं टाकली. वेगळ्या गोव्याच्या बाजूच्या दोन पानांचा ३४,०२१ मतांनी विजय झाला आणि गोवा वेगळा राहिला. आजच्या म्हाताऱ्या बायका तो दिवस सांगतात तेव्हा हरल्याचं दुःख सांगत नाहीत. आपण कशासाठी गेलो होतो ते सांगतात. त्यांच्याकडे मत मागायला जाणाऱ्याला हे समजून जावं लागतं.

२०१७ ला आमचे उमेदवार लक्ष्मीकांत पार्सेकर होते. हरमलच्या पंचक्रोशी विद्यालयाचे मुख्याध्यापक राहिलेला माणूस, २००२ पासून सलग तीनदा मांद्र्यातून निवडून आलेले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकर दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेल्यावर गोव्याचे मुख्यमंत्री. पेडण्यातल्या शिक्षकाने मुख्यमंत्रिपदी बसावं याचा मला अभिमान वाटला होता, अजून वाटतो. कितीतरी घरांत बाप नाहीतर मुलगा त्यांच्या शाळेतला असायचा. मतदारसंघ म्हणावा तर लहान. गोव्यातल्या चाळीस जागांपैकी कुठल्याही जागेत सरासरी अठ्ठावीस हजारांच्या आसपासच मतदार. एवढ्याशा ठिकाणी माणूस नेत्याला टीव्हीवर ओळखत नाही, लग्नात आणि मयताला ओळखतो. तो आमच्या दारी आला होता की नव्हता, हा हिशेब प्रत्येक घराने ठेवलेला असतो.

बाहेरच्यांना प्रचार म्हणजे भाषण वाटतं. आमचं काम यादीचं होतं. एका बूथची यादी घ्यायची, वाड्याप्रमाणे घरं लावायची, लग्न होऊन गेलेल्या मुली कुठे गेल्या, नव्या सुना कुठून आल्या, त्यांचं नाव अजून माहेरच्याच यादीत आहे का, हे पाहायचं. कोण म्हापशाला नोकरीला आहे आणि मतदानाला कुठल्या बसने येईल, कोण जहाजावर आहे, कुणाला चालवत नाही, हे लिहून ठेवायचं. सकाळी पुरुष कामावर जायच्या आत एक फेरी, दुपारी जेवणं उरकल्यावर बायकांची फेरी. संध्याकाळी सात वाजल्यानंतर जाऊ नये, हे मला एका जुन्या मगोवाल्या काकांनी शिकवलं. जानेवारीत कुठे ना कुठे जत्रा असते, रात्री दशावतारी नाटक असतं आणि त्या वेळेला दारात उभा राहणारा कार्यकर्ता लोकांना नकोसा होतो. उमेदवार देवळात गाऱ्हाणं घालतो तेव्हाही तसंच. गाऱ्हाणं देवासमोर असतं, त्याचा फोटो काढून पत्रकावर छापावा हे मला कधीच पटलं नाही आणि आमच्या बूथवर आम्ही ते होऊ दिलं नाही.

दारात मिळणारी उत्तरं ऐकायला कान तयार करावे लागतात. “बघूया” म्हणजे नाही. “तुम्हाला सोडून कुणाला?” म्हणजे बहुधा दुसऱ्याला. ज्या घरात बाई भांडते, इस्पितळाचं विचारते, नळाला पाणी नाही म्हणून ओरडते, ते घर अजून आपलं असतं. गप्प बसून चहा देणाऱ्या घराची काळजी करावी. त्या जानेवारीत मला चहा फार मिळाला.

प्रश्न पुष्कळ होते. तेरेखोलच्या गोल्फ कोर्सला तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला होता, त्याची सल किनाऱ्यावर होती. मोपा विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली होती. त्याचा आनंद मानणारे होते तसेच ज्यांच्या काजूच्या बागायती गेल्या ते नातेवाईकही याच वाड्यांवर होते. मांडवीतले कॅसिनो अजून का हलले नाहीत, हे तर सगळेच विचारत. गृह आधारचे पैसे, लाडली लक्ष्मीचा अर्ज, मुलाची नोकरी. या सगळ्यांना काही ना काही उत्तर देता येत होतं. शाळेच्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

तो प्रश्न असा होता. गोव्यात १९९० च्या सुमारास, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, सरकारी अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमाच्याच प्राथमिक शाळांना द्यायचं असं ठरलं. २०११ साली दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान खुलं केलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि आमचा पक्ष त्यात पुढे होता. मये, डिचोली, पेडणे, सगळीकडे सभा झाल्या, बायका मुलांना कडेवर घेऊन आल्या. २०१२ मध्ये आमचं सरकार आलं. अनुदान बंद झालं नाही, चालू शाळांना ते तसंच राहिलं. सुभाष वेलिंगकर तेव्हा गोव्याच्या रा. स्व. संघाचे प्रमुख होते, त्यांनी हा विषय सोडला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांना संघाच्या जबाबदारीतून दूर केलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला. जानेवारीत त्याची मगो आणि शिवसेनेशी युती झाली.

हे वर्तमानपत्रात वाचणाऱ्यांना ती फूट वाटली असेल. आमच्या घरी तो ओसरीवरचा प्रकार होता. माझ्या यजमानांचे शाखेतले मित्र, ज्यांना मी लग्नापासून भाऊजी म्हणत आले, ते सुरक्षा मंचात गेले. वीस वर्षं ज्यांनी आमच्या बूथवर सकाळी सहाला येऊन मतदान प्रतिनिधीचा अर्ज भरून दिला, ते आता समोरच्या टेबलावर बसणार होते. चतुर्थीला एकमेकांकडे जाणारी घरं. जानेवारीत रस्त्यात भेटलो की दोघांनाही काय बोलावं ते कळेना.

एके सकाळी मी आणि भाऊजी एकाच दारात समोरासमोर आलो. मी खालच्या बाजूने चढत होते, ते वरच्या वाटेने उतरत होते, दोघांच्याही हातात मतदारांच्या चिठ्ठ्या. घरातली आजी अंगणात सुपात मिरच्या निवडत बसली होती. तिने दोघांनाही बसवलं. “बस गो बाये,” मला म्हणाली, “तूही बस रे बाबा.” मग सूनबाईला चहा ठेवायला सांगून तिने विचारलं, “तुमचा झेंडा वेगळा, त्याचा वेगळा. बोलता दोघं एकच. मराठी राखायची, देव राखायचा, गाव राखायचा. आता मला सांगा, खालच्या शाळेत पोरं किती?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्हाला दोघांनाही आकडा माहीत होता. तो सांगायला जड जात होता, कारण त्या सरकारी मराठी शाळेत सगळ्या वर्गांची मिळून मुलं एका बाकावर मावली असती. आजीचा स्वतःचा नातू म्हापशाच्या इंग्रजी शाळेत जात होता आणि ती तेही लपवत नव्हती. “मी माझ्या पोराला सांगून थकले,” ती म्हणाली. “तो म्हणतो, शाळेत एकच मास्तरीण, वरून पाणी गळतं, पोराला तिथे कशाला घालू? तुमचं राज्य होतं ना? काय जपलंत ते सांगा, मग मत मागा.”

मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. अनुदान कुणाला द्यावं, न्यायालय काय म्हणालं, पालकांचा हक्क कुठपर्यंत, यावर दोन्ही बाजूंची मांडणी मला तोंडपाठ होती. त्या बाईने सगळं एका प्रश्नात आणलं. भाऊजींचा पक्ष दुसऱ्यांचं अनुदान थांबवा म्हणत होता, माझा पक्ष समाजात दुही नको म्हणत होता, आणि खालच्या शाळेचं कौलारू छप्पर दोघांच्याही जाहीरनाम्यात नव्हतं. माझं मत त्या दिवशी पक्कं झालं ते आजतागायत बदललेलं नाही. जो जपण्याच्या नावाने मत मागतो, त्याच्याकडून लोक विकासवाल्यापेक्षा जास्त मागतात, आणि ते बरोबर आहे. रस्ता झाला नाही तर पुढच्या वर्षी होईल असं सांगता येतं. शाळा बंद झाली, कुळागर विकलं गेलं, झर आटली, तर पुढच्या वर्षी काय सांगणार?

११ मार्चला निकाल लागला. आमचे मुख्यमंत्री आपल्याच मतदारसंघात काँग्रेसच्या दयानंद सोपटे यांच्याकडून सात हजारांहून जास्त मतांनी हरले. अठ्ठावीस-तीस हजारांच्या मतदारसंघात हे अंतर किती मोठं आहे हे मांद्र्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. राज्यात काँग्रेसला सतरा, आम्हाला तेरा जागा मिळाल्या. सुरक्षा मंचाला एकही नाही. तरी १४ मार्चला पर्रीकर पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि ज्या मगोविरुद्ध आम्ही जानेवारीभर दारोदार बोललो, तो त्याच सरकारात होता. भाऊजी त्या आठवड्यात घरी आले. राजकारणाचं काही बोलले नाहीत. यजमानांबरोबर जेवले आणि गेले. आमचं घर परत जोडलं गेलं ते असं, कुठल्या युतीमुळे नव्हे.

पुढचं मी थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोपटे यांनी आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपात प्रवेश केला. मार्च २०१९ मध्ये पर्रीकर गेले. २३ एप्रिलला लोकसभेबरोबरच मांद्र्याची पोटनिवडणूक झाली आणि सोपटे आमच्या कमळावर निवडून आले. मी त्या वेळी लोकसभेच्या कामात, श्रीपाद नाईक यांच्या प्रचारात होते. पण मतदान केंद्रात दोन यंत्रं शेजारी शेजारी असणार होती आणि दारात बायका विचारायच्याच. “एका मशीनचं सांगितलंस, दुसऱ्याचं?” दोन वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर मी काय काय बोलले होते ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. मी पक्षाचा निर्णय सांगायचे आणि पुढे म्हणायचे, ते मशीन तुमचं तुम्ही ठरवा. पक्षाला संख्या लागते हे मला कळतं. सरकार संख्येवर चालतं. पण पक्षांतर करणारा आमदार एका दिवसात इकडून तिकडे जातो, त्याच्या विरोधात दिलेला शब्द मात्र कार्यकर्त्याच्या नावावर दारोदार पडून राहतो. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपात आले, सप्टेंबर २०२२ मध्ये आठ. प्रत्येक मतदारसंघात माझ्यासारख्या बायका असणार, आणि प्रत्येकीला कुणीतरी विचारलं असणार. निवडून आल्यावर पक्ष बदलणाऱ्याने पुन्हा लोकांसमोर गेलंच पाहिजे, मग तो एकटा पक्ष सोडो की दोन तृतीयांश आमदार घेऊन. पोटनिवडणुकीला सामोरं जाण्याची रीत सोपटे यांनी पाळली, हे त्यांच्या बाजूने मी नेहमी सांगते.

२०२२ ला मी माहेरी, मये-डिचोलीकडे काम केलं. कोरोनामुळे निवडणूक आयोगाने सुरुवातीला मोठ्या सभा बंद ठेवल्या होत्या, दारोदार जायलाही पाचच माणसं. मला वाटतं तो सगळ्यात चांगला प्रचार होता. गाड्यांचा ताफा नाही, ध्वनिक्षेपक नाही, लोकांना बोलायला सवड. मयेत प्रश्न जमिनीचा. गोवा मुक्तीनंतर मालक पोर्तुगालला गेले, गावची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा, राहणारा माणूस आपल्याच घरात परका झाला. २०१४ मध्ये विधानसभेने कायदा केला. पण कायदा झाला म्हणजे सनद हातात पडली असं नाही. माझ्या भावाच्या वाड्यावर प्रत्येक घरात कागदांची एक पिशवी असते आणि उमेदवार आला की ती खाली काढतात. पलीकडे शिरगावात लईराई देवीची जत्रा, धोंडांचं म्हणजे व्रतस्थ भक्तांचं अग्निदिव्य, देशभर नाव. आणि त्याच गावाच्या विहिरी खाणींनी आटवल्या. २०१२ ला खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये सगळं बंद पडलं. एका घरात ट्रकचा हप्ता थकलेला, शेजारच्या घरात विहिरीला पाणी परत आलेलं. दोघांनाही एकच पत्रक द्यायचं होतं. मी पत्रक पिशवीतच ठेवलं आणि दोन्ही घरांत नुसती बसले.

डिचोलीने त्या खेपेला अपक्ष डॉ. चंद्रकांत शेट्ये यांना निवडून दिलं. मयेत आमचा उमेदवार आला. मांद्र्यात पार्सेकर अपक्ष उभे राहिले, सोपटे कमळावर, आणि दोघांनाही बाजूला सारून जीत आरोलकर मगोच्या सिंहावर जिंकले. भाऊसाहेबांच्या शाळेत शिकलेल्या कितीतरी आजी तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांच्या नाती तिथे मत देत होत्या.

विमानतळ आता झाला आहे. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्यावरून विमानं उडतात आणि पेडण्यातल्या जमिनीचे भाव विचारायला दिल्लीहून माणसं येतात. २०२७ ची विधानसभा निवडणूक पुन्हा त्याच हंगामात येईल. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, माझ्याही पक्षाचा असो, तुमच्या अंगणात आला की त्याला बसवा, चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. आमच्या वाड्यावरच्या मराठी शाळेत आज पटावर मुलं किती? गेल्या पाच वर्षांत गावातली किती जमीन बाहेर गेली? आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का? आकडे न सांगता जो भाषण करेल, त्याला तुमची चिठ्ठी परत द्या.